दोन सह्या चुकल्या की

नाताळ अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की बहरीनमधल्या सोन्याच्या दुकानांबद्दल आणि उंच इमारतींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षं मी मीना सलमान बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर होतो. हा देश मी पाहिला तो स्टोअरच्या खिडकीतून, आणि ती खिडकी दोन हात आत-बाहेर होतील एवढीच होती. ते म्हणाले, मग खिडकीतलंच लिहा. लिहायला बसलो आणि एका संपाचंच लिहून झालं, त्याला माझा इलाज नाही.

स्टोअरकीपर म्हणजे बाहेरच्या माणसाला दुकानदार वाटतो. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक पैसे देत नाही, सही देतं. व्हॉल्व्ह असो, बोल्ट असो, वेल्डिंगचे हातमोजे असोत, चिठ्ठीवर सही केल्याशिवाय काही मिळत नाही. एकतीस वर्षांत मी चेहऱ्यांपेक्षा सह्या जास्त पाहिल्या. एक क्रेनवाला सहीच्या जागी छोटी होडी काढायचा. एकाची सही सकाळी ऐटदार असायची आणि जेवणानंतर पार पेंगुळलेली. एकदा सुट्टीवरून परतलेल्या एका वेल्डरच्या सहीला कंप सुटलेला दिसला. मी रॉडची पेटी खाली ठेवली आणि आधी त्याला क्लिनिकला पाठवलं. मलेरिया निघाला. तेव्हापासून वर्कशॉपात माझं नाव झालं, की इनास सही बघून ताप सांगतो. मला त्याचा बराच अभिमान होता. आता तो शब्द लिहिताना हात अडखळतो.

संपाचं कारण साधं होतं. दोन वर्षांतून एकदा कंपनी घरी जायचं विमानाचं तिकीट द्यायची, ते तिने बंद करायचं ठरवलं. पगाराला कात्री लावली असती तर लोकांनी कुरकुर केली असती आणि कामाला लागले असते. तिकिटाचं तसं नव्हतं. माणूस दोन वर्षं त्या तिकिटाच्या आशेवर काढतो. आम्ही कामगार राहायचो त्या गुदैबिया वस्तीतल्या खोल्यांमधून भिंतीवर कॅलेंडरं असतात, त्यांवरच्या खुणा तिकिटाच्याच असतात. त्यामुळे जे कधी युनियनच्या वाटेला गेले नव्हते तेही एका महिन्यात सभासद झाले.

युनियनचा अध्यक्ष बहरीनी होता, क्रेन चालवायचा, त्याला सगळे अबू जासिम म्हणत. परदेशी कामगारही सभासद होऊ शकतो, हे आम्हाला त्यानेच पटवलं. सभा झाली, मतदान झालं, रीतसर नोटीस गेली, आणि फेब्रुवारीच्या एका सकाळी आम्ही गेटसमोर तंबू ठोकला. संप म्हटलं की आपल्याकडे घोषणा आठवतात. आमच्या संपात एक तंबू होता, चार चटया, चहाचा एक मोठा थर्मास आणि माझी वही.

ती वही काय होती हे सांगायला हवं, कारण सगळं तिच्यातच अडकलं. संपाच्या दिवसांचा पगार कंपनी देत नाही. त्याऐवजी युनियन आपल्या वर्गणीतून थोडा भत्ता देते, पगारापुढे तो चिल्लरच असतो, पण खोलीचं भाडं आणि तांदूळ निघतात. भत्ता कुणाला? जो रोज सकाळी तंबूत येऊन बसतो त्याला. म्हणून हजेरीवही. दुसरी गोष्ट औषधपाण्याच्या कार्डाची. आम्हा सगळ्यांचा कंपनीने एकत्र विमा काढलेला असतो, ते कार्ड दाखवलं की खाजगी क्लिनिकात तपासणी आणि औषधं होतात. कंपनीने कळवलं की संपकऱ्यांचा हप्ता आम्ही भरणार नाही. अबू जासिम आणि मी तीन दिवस हेलपाटे घातले आणि शेवटी ठरलं की संपाच्या काळातला हप्ता युनियन भरेल, कंपनी फक्त यादी पुढे पाठवेल. यादी मी केली, आणि संपाच्या काळातले क्लिनिकचे कागदही माझ्याकडेच यायचे ठरले. संपाच्या आदल्या दिवशी एकदाच ती गेली, सगळ्या सभासदांची नावं तिच्यात होती, आणि सगळ्यांची कार्डं चालू राहिली. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मग एक चूक केली. तिसऱ्या दिवसापासून लोक उशिरा यायला लागले. काही जण यायचे, सही करायचे आणि बाजारात निघून जायचे. मी चिडलो आणि पुठ्ठ्यावर चार भाषांत लिहून लावलं, "ज्याची सही, त्याचाच भत्ता, त्याचंच कार्ड." कार्डाचा भाग खोटा होता. कार्डाचा रोजच्या सहीशी काडीचा संबंध नव्हता, पण धाक बसला. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच रांग लागली. अबू जासिमने पुठ्ठा वाचला, मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "यल्ला इनास, तुम मुदीर बन गया." मुदीर म्हणजे मॅनेजर. मला ते कौतुक वाटलं.

आजारी माणसाचं काय, तर त्यासाठी मी वेगळा नियम केला होता. एखाद्याच्या ओळीने दोन सह्या चुकल्या की कुणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन बघून यायचं. आजारी असेल तर भत्ता सोडायचा नाही, उलट त्याला क्लिनिकला न्यायचं. नियम चांगला होता. फक्त तो मी तोंडी सांगितला आणि धमकी तेवढी पुठ्ठ्यावर लिहिली.

संपात माणसांच्या तऱ्हा बघायला मिळतात. रंगकामातला एक जण रोज न चुकता सही करायचा आणि कार्ड चालू आहे याची दोनदा खात्री करून घ्यायचा. मला वाटलं घरी कुणी आजारी असेल. तो म्हणाला, कामाच्या दिवसांत वेळच मिळत नाही, संप आहे तोवर तीन दाढा काढून घेतो. काढल्याही. चौथ्या दिवशी गाल सुजवून तंबूत बसला होता, घोषणा द्यायची वेळ आली की नुसता हात वर करायचा. एक जण मुहर्रकच्या बाजूला बुसैतीनला राहायचा, त्याने सहीला यायला लागणाऱ्या बसभाड्याचा भत्ता वेगळा मागितला. आम्ही हसलो, पण त्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं.

आता यासीनबद्दल लिहितो.

यासीन बोरकर रत्नागिरीकडचा, फिटर. झिजलेल्या व्हॉल्व्हची बैठक हाताने घासून पाणी थेंबभर गळणार नाही अशी करायची, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलणं बेताचं. गुदैबियात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत एकटा राहायचा. मी खालच्या गल्लीत, मीही एकटाच. माझी बायको रोझी गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात, वसईच्या घराला कुलूप. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच; सकाळी मी तिथून परत येईपर्यंत यासीन बाजारातून मासळी घेऊन माझ्या दारात बसलेला असायचा. तो साफ करायचा, मी कालवण करायचो, मग तो जुम्म्याच्या नमाजाला जाऊन यायचा आणि आम्ही जेवायचो. माझ्या कालवणात चिंच जास्त असते असं त्याचं मत होतं. अकरा वर्षं तो दर शुक्रवारी ते सांगायचा आणि दर शुक्रवारी दोनदा वाढून घ्यायचा. दिवसभरात आम्ही वीस वाक्यं बोललो असू, पण आठवड्यातला तो एकच दिवस मला घरात असल्यासारखा वाटायचा.

यासीन चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकला होता आणि सही मराठीतच करायचा. आधी सगळी अक्षरं काढायची आणि शेवटी वरची रेघ एका दमात ओढायची, भिंती उभ्या करून मग छप्पर घालावं तशी. अकरा वर्षं मी ती रेघ पाहत होतो.

संपाच्या चौथ्या दिवशी वहीत त्याची सही होती, पण रेघ तुटक होती. प्रत्येक अक्षरावर वेगळी. मी लगेच ओळखलं की ही त्याच्या हातची नाही. तंबूत नजर फिरवली, यासीन दिसला नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तीच तुटक रेघ. वही ज्यांच्या हातातून जात होती त्यात सुभाष होता, रायगडचा वेल्डर, यासीनच्या शेजारच्या बाकावर काम करणारा. त्याच्याकडे बघितलं तर त्याने मान खाली घातली.

मला वाटलं, यासीनने कुठेतरी गॅरेजमध्ये रोजंदारी धरली असेल. संपात बरेच जण गुपचूप तसं करायचे, आणि मीही डोळेझाक करायचो. घरी पैसे पाठवायचे असतात, कुणाकुणाला अडवणार? शिवाय सही खोटी आहे असं मी बोललो असतो, तर माझ्याच पुठ्ठ्याप्रमाणे त्याचा भत्ता कापावा लागला असता. म्हणून गप्प बसलो. दोन सह्या चुकल्या की खोलीवर जायचं, हा नियम माझाच. पण वहीत सह्या चुकलेल्या नव्हत्या.

खरं कारण त्याहून छोटं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटते. मला राग आला होता. रोजंदारी धरलीस तर धर, पण मला सांगायला काय झालं? शुक्रवार आला. मी दोघांचा भात लावला आणि वाट बघत बसलो. तो आला नाही. दोन मिनिटांच्या अंतरावर त्याची इमारत होती, चार मजले चढायचे होते. मी चढलो नाही. फोनही केला नाही. म्हटलं, त्याला गरज असेल तर तो करेल. भात फ्रिजमध्ये ठेवला आणि शनिवारी तंबूत खाल्ला.

बाराव्या दिवशी संप मिटला. कंपनीने तिकिटं परत द्यायचं कबूल केलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, अबू जासिमने खजूर वाटले. शेवटचा भत्ता घ्यायला रांग लागली. वहीतल्या प्रत्येक नावासमोर माणूस उभा राहिला, एक सोडून. मी सुभाषला बाजूला घेतलं आणि विचारलं की यासीन कुठल्या गॅरेजला आहे.

सुभाषला काही कळेना. तो म्हणाला, "कुठलं गॅरेज, दादा? त्याला ताप आहे. ताप आला त्या दिवशी बोलला, एक दिवस सही मार, उद्या येतो. मग रोजच फोनवर उद्या येतो, उद्या येतो बोलत राहिला. मला वाटलं तुम्ही तर त्याच्या गल्लीतच राहता. तुम्ही जातच असाल."

आम्ही टॅक्सी केली. 

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकताच वास आला. यासीन खाटेवर उशीला टेकून बसला होता, उजवा पाय बादलीवर ठेवलेल्या फळीवर. पावलाला लुंगीचा तुकडा गुंडाळलेला. मला बघून त्याने ती चिंधी चादरीखाली लपवायचा प्रयत्न केला. संपाच्या आदल्या दिवशी लेथचा लोखंडी कीस त्याच्या बुटात गेला होता. त्याला डायबेटिस होता, पायाला फारसं कळायचं नाही. रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. तरी तीन दिवस तो तसाच तंबूत येत राहिला, मग ताप चढला. त्यात त्याच्या गोळ्या संपल्या होत्या आणि त्या कार्डावरच मिळायच्या.

मी ओरडलो. कार्ड चालू होतं, खिशात होतं, क्लिनिक रस्त्यापलीकडे होतं. मग का गेला नाहीस?

यासीन शांतपणे म्हणाला, "वहीत मी गेटावर होतो ना, इनासभाय. मग त्याच टायमाला क्लिनिकात कसा जाऊ? क्लिनिकाचा कागद तुमच्याकडंच येतो. सुभाषचा भत्ता गेला असता, माझं कार्ड गेलं असतं. आणि तुमी सही पास केलेली. तुमी खोटं पडला असता."

सरकारी दवाखान्यात तरी जायचंस, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला की तिथेही सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, दाखवावं लागतं, त्यावरून सगळ्यांना सगळं कळतं. तसं काही कळत नाही. पण ज्याने माझा पुठ्ठा खरा मानला, त्याने हेही खरं मानलं तर त्याला मी काय बोलणार?

मी त्याला सांगितलं की तो पुठ्ठा मी नुसता धाक म्हणून लावला होता, सहीचा आणि कार्डाचा काही संबंध नव्हता.  तो म्हणाला, "अक्षर चांगलं होतं."

क्लिनिकात कार्ड चाललं. काउंटरवरच्या मुलीने ते मशीनला लावलं, हिरवा दिवा लागला, आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच करायचं होतं. त्यांनी त्याला लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. डॉक्टर म्हणाला, आठवडाभर आधी आला असता तर एका बोटावर भागलं असतं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. सगळा खर्च विम्यातून झाला, कागद माझ्याच टेबलावर आले आणि मी त्या सगळ्यांवर सह्या केल्या.

युनियनच्या बैठकीत वही तपासायला ठेवली गेली. अबू जासिमने यासीनच्या नावासमोर बोट ठेवून विचारलं, "इनास, ये सब सही है?" सुभाष मागे उभा होता. मी म्हटलं, सही आहे. एकतीस वर्षांत खोट्या सहीला खरी म्हणालो ते एवढंच. अबू जासिमने माझ्याकडे पाहिलं, त्याला बहुधा समजलं, आणि "खलास" म्हणून त्याने पान उलटलं.

संपाने जे तिकीट परत मिळालं ते सगळ्यात आधी यासीनने वापरलं. कामाला अयोग्य असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं, त्यामुळे त्याचं तिकीट एकाच बाजूचं होतं. विमानतळावर त्याला चाकाच्या खुर्चीतून नेत होते. मला माफी मागायची होती, आठवडाभर शब्द जुळवत होतो. त्याने मला बोलू दिलं नाही. म्हणाला, "दर शुक्रवारी नमाजानंतर मिस कॉल देईन. उचलू नका, पैसे जातात. ती माझी सही समजा. या टायमाला माझ्याच हातची."

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी माझा फोन दोनदा वाजून बंद पडायचा. आता व्हॉट्सॲपवर बोलायला पैसे पडत नाहीत हे मी त्याला सांगितलं होतं, तरी तो बोलायचा नाही. मीही उचलायचो नाही. फोन वाजेपर्यंत ताटावर बसायचो नाही, एवढंच. भात मात्र कित्येक महिने दोघांचाच लावला जायचा, हाताला माप बसलेलं. सुभाषने नंतर नोकरी बदलली. अबू जासिम पेन्शनीत गेला. शुक्रवारी माझ्या दाराशी यायला कुणी उरलं नाही, आणि नवीन माणसांशी ओळख वाढवायचं माझं वय उरलं नाही. खरं सांगायचं तर वयापेक्षा हिंमत नव्हती. ज्याची सही ओळखायचो त्याच्यासाठी चार मजले चढलो नाही, तर आता कुणाच्या ओळखीला माझा काय उपयोग?

दोन महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो. कंपनीने शेवटचं तिकीट दिलं, तारीख मी घालायची होती. व्हिसा संपायला अजून दिवस होते म्हणून मी चालढकल करत राहिलो. वसईला जाऊन तरी कुलूपच उघडायचं होतं.

हा लेख संपादकांना गेल्या आठवड्यातच जायला हवा होता. उशीर झाला त्याचं कारण असं की गेल्याच्या गेल्या शुक्रवारी माझा फोन वाजला नाही. म्हटलं, रेंज नसेल. मी लावून पाहिला, बंद लागला. गेल्या शुक्रवारी नमाजाची वेळ टळली, तीन वाजले, चार वाजले, फोन वाजला नाही. पुन्हा लावला, पुन्हा बंद. गावी त्याच्याबरोबर त्याची म्हातारी बहीण असते, तिला फोन करता येत नाही. शेजाऱ्यांचा नंबर मी कधी मागून घेतला नाही.

काही नसेलही. फोन पाण्यात पडला असेल, किंवा बॅटरी गेली असेल. उद्या-परवा वाजेल असं मनाला समजावून बघितलं, आणि तेव्हाच ध्यानात आलं की अगदी असंच मी आधीही एकदा समजावलं होतं. शनिवारी सकाळी जाऊन तिकिटावर तारीख घातली. उद्या दुपारचं विमान आहे. मुंबईला उतरून वसईला न जाता पनवेलहून रत्नागिरीची गाडी धरणार आहे. त्याच्या गावाचं नाव मला पाठ आहे, विम्याच्या यादीत मीच ते लिहिलं होतं.

दोन सह्या चुकल्या की खोलीवर जायचं.